नेरूळहून मोजलेले द्राक्षांचे दिवस

माझ्याकडे दोनशे पानी एक वही आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, '२ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार. दिवस शून्य.' त्या दिवशी सकाळी निफाड तालुक्यात मामांच्या बागेत काढणी सुरू झाली. घड वेलीवरून कापला की तो पुढे पिकत नाही. आंब्यासारखा आढीत घालून नंतर गोड करता येत नाही. कापला त्या क्षणी तो जसा असतो तसाच, फक्त दिवसागणिक थोडा थोडा उतरत जातो. म्हणून कापल्यापासूनचे दिवस मोजायचे, असं मी ठरवलं होतं.

त्याआधी बारा वर्षं मी सीबीडी बेलापूरच्या एका कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम केलं. शिपिंग बिल, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल म्हणजे जहाज कंपनीची मालपावती. हजारो कंटेनर मी कागदावर न्हावा-शेवा बंदरातून रवाना केले, पण एकाचंही दार उघडून आतला माल पाहिला नव्हता. २०२३ च्या दिवाळीत मामांकडे गेले होते, तेव्हा ते म्हणाले, "पोरी, जगाचा माल पाठवतीस, आमचा कधी पाठवणार?" मामा, त्यांचे चुलतभाऊ आणि शेजारचे दोघे, अशा चौघांच्या बागा निर्यातीसाठी नोंदवलेल्या होत्या. दरवर्षी ते पिंपळगावच्या एका निर्यातदाराला माल देत. भाव काढणीच्या वेळी एक ठरायचा आणि पैसे येताना दुसराच व्हायचा. मधे काय झालं ते कुणी सांगत नसे. मी परवाना काढला, अपेडाची, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्रीय संस्थेची नोंदणी घेतली, आणि एक कंटेनर स्वतः पाठवायचं ठरलं. एकच. चाळीस फुटी रीफर म्हणजे थंड कंटेनर, खोकी रचलेली वीस पॅलेट, साधारण तेरा टन थॉमसन जातीची द्राक्षं.

ठरवलं आणि महिनाभरात तीन गोष्टी घडल्या.

२६ नोव्हेंबरला निफाडला अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. शेजाऱ्यांपैकी एकाची आगाप छाटणीची बाग होती, मण्यांत पाणी उतरलेलं, म्हणजे ते पिकायला लागलेले. ती पूर्ण गेली. मण्यांना तडे पडले आणि तीन दिवसांत बागेत आंबूस वास सुटला. चौघांचे तिघे झाले. मामांची छाटणी उशिराची, मणी अजून बारीक होते, म्हणून वाचली.

८ डिसेंबरपासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. मामांचा अर्धा एकर लाल कांदा काढणीला आला होता. ऑगस्टमध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क बसलं, ऑक्टोबरअखेर टनाला आठशे डॉलरचं किमान निर्यातमूल्य आलं, आणि मग थेट बंदीच. लासलगावचा भाव पडला. मामा फोनवर फार काही बोलले नाहीत. "द्राक्षाचं तेवढं सांभाळ," एवढंच म्हणाले. एका घरातली दोन पिकं, दोन्ही परदेशी जाणारी. एकाचं दार दिल्लीतल्या एका अधिसूचनेने एका रात्रीत बंद झालं. दुसऱ्याच्या वाटेवर काय चाललंय हे मला बेलापूरच्या ऑफिसात बसून कळत होतं, आणि ती तिसरी गोष्ट होती.

नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले होते. डिसेंबरच्या मध्यावर मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडला. न्हावा-शेवाहून युरोपला निघालेली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जाऊ लागली. द्राक्षाचा कंटेनर एरवी वीस ते पंचवीस दिवसांत रॉटरडॅमला लागायचा, आता पस्तीस ते चाळीस दिवस लागणार होते. लोखंडाच्या नळ्या पंधरा दिवस उशिरा पोहोचल्या तर व्याज वाढतं. द्राक्ष पंधरा दिवस उशिरा पोहोचलं तर द्राक्षच उरत नाही. भाड्याचा दर मी नोव्हेंबरमध्ये घेतला होता, जानेवारीत तो दुपटीच्या पुढे गेला. मागे फिरावं का, असं मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "बाग थांबती का?"

मग काम सुरू झालं. सगळ्यात आधी रासायनिक अंशाची तपासणी.

हा भाग मला कागदावरून पाठ होता, पण बागेत उभं राहून वेगळाच वाटला. अपेडाच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणीत प्रत्येक प्लॉटला नोंदणी क्रमांक असतो. कोणत्या बागेतला माल कोणत्या खोक्यात गेला, हे युरोपातल्या दुकानापासून उलट मागे शोधता येतं. प्रयोगशाळेचा माणूस स्वतः येऊन बागेतून नमुना घेतो, शेतकऱ्याने आणून दिलेला चालत नाही. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. म्हणजे शंभर किलो द्राक्षात एक मिलिग्रॅम. शेजारच्या टोमॅटोवरच्या फवारणीचा वारा आला तरी धास्ती. मामांनी बांधाकडच्या दोन ओळी निर्यातीतून स्वतःहून वगळल्या.

२०१० साल त्यांच्या मनातून जात नाही. त्या वर्षी क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली. वेलीची वाढ रोखायला खरड छाटणीनंतर ते सगळेच वापरत, आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं, त्यामुळे इथे अहवाल स्वच्छ यायचे आणि तिथे सापडायचं. त्यानंतर तपासणीची यादी वाढली. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने दिलेली औषधांची आणि फवारणी-काढणीतल्या अंतराची यादी मामांनी प्लॅस्टिकमध्ये घालून पंपाच्या खोलीत लावली आहे. मामींनी मला ती अभिमानाने दाखवली.

एक गोष्ट मला या निमित्ताने नीट समजली. सरकारी मर्यादा ही खालची पायरी असते. युरोपातल्या काही सुपरमार्केटची स्वतःची अट त्याहून कडक असते. कायद्याच्या मर्यादेचा काही हिस्साच चालेल, आणि सापडलेल्या औषधांची संख्याही मोजकीच हवी. आमचा अहवाल कायद्यात बसत होता. रॉटरडॅमच्या आयातदाराने तो पाहून सांगितलं, माल चांगला आहे, पण जर्मनीच्या साखळी दुकानाला देता येणार नाही, एक औषध जास्त आहे. ते औषध भुरी या बुरशीच्या रोगासाठी होतं, डिसेंबरच्या ढगाळ हवेत मारावंच लागलं होतं. म्हणजे २६ नोव्हेंबरनंतरच्या ढगांनी आमचं गिऱ्हाईक बदललं. मी ते वहीत लिहून ठेवलंय.

काढणीचे दोन दिवस मी बागेतच होते. सकाळी दव सुकलं की सुरुवात, उन्हं तापायच्या आत थांबायचं. शुगर सतरा टक्के भरली होती, मणी अठरा मिलिमीटरच्या आसपास. बायका घड हातात धरत नाहीत, देठाला धरतात. मण्यावर जो पांढुरका मेणचट थर असतो तो बोट लागलं की पुसला जातो, आणि तिथल्या ग्राहकाला ते जुनं फळ वाटतं. क्रेट भरले की लगेच पॅकहाउसला. आम्ही भाड्याने घेतलेलं पॅकहाउस बागेपासून अर्ध्या तासावर होतं. तिथे खराब मणी कात्रीने काढायचे, पाचशे ग्रॅमच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यांत भरायचे, दहा पनेटचं एक खोकं, वर बुरशी रोखायला गंधकवायू सोडणारा पॅड. मग प्री-कूलिंग. बागेतली सगळी ऊब फळाच्या गाभ्यातून काढून शून्याच्या जवळ आणायची, आणि काढणीनंतर काही तासांत ते सुरू व्हायला हवं. नंतर कितीही थंडी दिली तरी सुरुवातीला गेलेले तास भरून येत नाहीत. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिथली वीज गेली आणि जनरेटर चालू व्हायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी बाहेरच्या कट्ट्यावर बसून होते, माझ्याने आत जाववेना.

पॅडवरून मात्र माझा आणि पॅकहाउसच्या मॅनेजरांचा वाद झाला. नेहमीचा पॅड नेहमीच्या प्रवासाच्या हिशेबाने असतो. चाळीस दिवसांच्या प्रवासाला जास्त काळ चालणारा हवा, असं माझं म्हणणं. ते म्हणाले, "मॅडम, गंधक वाढलं तर देठाजवळ मणी पांढरे पडतात, मग त्याचेही पैसे कापून घेतील." दोघांचंही खरं होतं. शेवटी सुरुवातीला थोडा आणि नंतर सावकाश वायू सोडणारा, दोन टप्प्यांचा पॅड जास्त पैसे देऊन मागवला. खोक्यामागे काही रुपये वाढले. या कंटेनरचा सगळ्यात योग्य खर्च तोच होता, असं मला आजही वाटतं.

३ तारखेला रात्री कंटेनर भरला. तापमान उणे अर्धा अंश, हवा येण्याची झडप बंद, दोन पॅलेटमध्ये पहिल्या दिवसापासून तापमान नोंदणारे डेटा लॉगर, दारावर ई-सील. फायटो, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला मिळाला होता, शिपिंग बिल मी स्वतः भरलं होतं. ट्रेलरच्या पुढे कंटेनरला वीज देणारा जनसेट घुरघुरत होता. मामांनी दाराला हात लावून नमस्कार केला. मी ट्रेलरमागून मामेभावाच्या गाडीने निघाले. कसारा घाट, पडघा, भिवंडी, मुंब्रा बायपास, कळंबोली. पहाटे नेरूळला घरी उतरले आणि ट्रेलर पुढे जेएनपीएकडे, म्हणजे न्हावा-शेवा बंदराकडे गेला. सकाळी नऊला चालकाचा फोन, "ताई, करळ फाट्याच्या अलीकडे लाइन लागलीय." तीन तास. जनसेटचं डिझेल पुरेल का, हे मी त्यांना चार वेळा विचारलं. त्यांनी चारही वेळा शांतपणे उत्तर दिलं.

दुपारी कंटेनर गेटच्या आत गेला, बंदरातल्या विजेच्या प्लगला लागला. दिवस दोन. जहाज ६ तारखेचं होतं.

५ तारखेला संध्याकाळी मेल आला की कंटेनर 'रोल' झालाय, म्हणजे या जहाजावर जागा नाही, पुढच्यावर. बारा वर्षांत हा शब्द मी इतरांना किती वेळा कळवला असेल त्याचा हिशेब नाही. कळवताना कधी आवाज बदलला नव्हता. वळशामुळे जहाजांची वेळापत्रकं विस्कटली होती, युरोपात गेलेले रिकामे रीफर वेळेत परत येत नव्हते, मागचा माल पुढच्यावर चढत होता. कारणं सगळी मला माहीत होती. माझ्या जुन्या ऑफिसातल्या मॅडमना फोन केला, त्यांनी जहाज कंपनीत दोन-तीन जणांना विचारलं. काही झालं नाही.

७ तारखेला मी उगाचच तिकडे गेले. नेरूळहून उरणची लोकल जानेवारीतच सुरू झाली होती. न्हावा-शेवा स्टेशनला उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहिले. दूरवर क्रेन दिसत होत्या. आत जायचा पासही नव्हता आणि आत जाऊन करण्यासारखंही काही नव्हतं. कुठल्यातरी रांगेत आमचे अडीच हजारांवर खोके उणे अर्धा अंशात होते. तशीच परत आले.

जहाज ११ तारखेला सुटलं. दिवस नऊ. फळ अजून किनाऱ्यावरच आणि नऊ दिवस गेलेले.

पुढचे पाच आठवडे करण्यासारखं काही नसतं. रोज मोबाइलवर जहाजाचा ठिपका बघायचा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने तो खाली खाली जात होता. मामांना व्हॉट्सअॅपवर नकाशाचा फोटो पाठवायची. एकदा त्यांनी विचारलं, "ही बोट युरोपला चाललीय ना? मग उलटी का जातीय?" मी त्यांना सुएझ, मग केप, असं बोटाने आखून पाठवलं. ते म्हणाले, "म्हणजे नाशिकहून मुंबईला जायला सोलापूर करायचं."

त्याच दरम्यान एका पहाटे वाशीच्या एपीएमसीत, तुर्भ्याच्या फळबाजारात गेले. देशातला भाव स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. निर्यातीचा खर्च वजा जाता इथल्यापेक्षा किती जास्त मिळेल, हा खरा प्रश्न असतो. मामांच्या शेजाऱ्यांनी उरलेला माल तिथे पाठवला होता. बांगलादेशने द्राक्षावरचं आयातशुल्क चढवल्यापासून तिकडे जाणारा बराच माल देशातच फिरतो आणि भाव दबतो, असं गाळ्यावरचे शेठ सांगत होते. त्यांच्याच गाळ्यात मागे परदेशी सफरचंदांची खोकी होती. अमेरिकी सफरचंदावर आपण २०१९ मध्ये वीस टक्के जादा शुल्क लावलं होतं, ते २०२३ च्या सप्टेंबरमध्ये काढलं. त्याच वर्षी किलोला पन्नास रुपयांच्या खालचं सफरचंद आयात करायला बंदी घातली, हिमाचल-काश्मीरच्या बागायतदारांसाठी. कुठल्यातरी देशातला सफरचंदवाला आपल्या अधिसूचनेची तशीच वाट बघत असणार, जशी निफाडमध्ये कांद्याच्या बातमीची बघतात. हे मला त्या गाळ्यात उभं राहून पहिल्यांदा जाणवलं. शुल्क हा शब्द मी रोज टाइप करत आले होते.

आमच्या द्राक्षाचे प्रतिस्पर्धीही याच हिशेबातले. दक्षिण आफ्रिका, पेरू, चिली यांची द्राक्षं युरोपशी केलेल्या करारांमुळे शुल्काशिवाय आत जातात. आमच्यावर शुल्क लागत होतं. वर दक्षिण आफ्रिकेच्या जहाजाला सुएझशी काही देणंघेणं नाही, त्यांचा रस्ता होता तेवढाच राहिला. आपल्याला जागा मिळते ती ऋतूमुळे. त्यांचा हंगाम संपत आला की फेब्रुवारीअखेर ते एप्रिलपर्यंतची फट आपली. त्या फटीत पोहोचलात तर भाव, अलीकडे-पलीकडे झालात तर गर्दी.

१८ मार्चला कंटेनर रॉटरडॅमला उतरला. दिवस पंचेचाळीस. दोन दिवसांनी तपासणीचे फोटो आले. मी ते आधी एकटीने पाहिले. मणी टणक होते. रंग टिकलेला. देठ मात्र तपकिरी झाले होते, हिरवा देठ जवळजवळ उरला नव्हता. चार पॅलेटमध्ये काही खोक्यांत बुरशीने गळलेले मणी. लॉगरचा आलेख सरळ होता, पहिल्या दिवशीची ती छोटी चढण सोडून. ती चार पॅलेट त्याच चढणीच्या दिवशीची होती. पाऊण तासामुळेच झालं असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण पॅलेटचे क्रमांक वहीत जुळत होते.

आयातदाराचा फोन आला तेव्हा मी कपातीची तयारी ठेवून होते. ते म्हणाले, चार पॅलेट निवडून पुन्हा भरावी लागतील, तो खर्च कापला जाईल. पण बाजारात माल कमी आहे. सगळ्यांचीच जहाजं उशिरा येताहेत, ३१ मार्चला ईस्टर आहे, दुकानांना द्राक्ष हवंय, तपकिरी देठ या वर्षी चालवून घेताहेत. ज्या वळशाने आमच्या फळाचे पंधरा दिवस खाल्ले, त्यानेच भावही धरून ठेवला. जर्मनीच्या दुकानात न गेलेला माल पूर्व युरोपातल्या एका घाऊक व्यापाऱ्याने घेतला.

त्याच आठवड्यात, ३१ मार्चला संपणारी कांद्याची निर्यातबंदी पुढील आदेशापर्यंत वाढवली गेली. मामांनी ठेवलेला कांदा तोवर विकून टाकला होता.

हिशेब एप्रिलच्या मध्यावर आला. मी तो छापला, मराठीत लिहून काढला आणि निफाडला नेला. पडवीत तिघं बसले, मामी दारात. एकेक ओळ वाचली. विक्री, आयातशुल्क, तिकडचं कमिशन, शीतगृहाचं भाडं, निवडण्याचा खर्च, जहाजाचं भाडं, पॅकहाउस, पॅड, ट्रेलर, प्लगचे पाच जादा दिवस. शेवटी किलोला हाती पडलेला आकडा स्थानिक भावापेक्षा थोडाच वर होता. जहाजाच्या भाड्याच्या ओळीवर चुलतमामांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग म्हणाले, "इतकी वर्षं माल दिला, हा कागद कधी कुणी दाखवला नव्हता."

माझा राग तिथेच आहे. कन्साइनमेंटवर माल जातो तेव्हा भाव सगळ्यात शेवटी ठरतो. वीज जाणं, रांग, रोल, वळसा, ढगाळ हवा, सगळं वाटेत ज्याच्या त्याच्या बिलात जमा होतं आणि उरेल ते बागेत येतं. जहाज कंपनीला भाडं मिळालं, बंदराला प्लगचे पैसे मिळाले, मलाही माझं ठरलेलं मिळालं. दिवस ज्यांच्या हातात होते त्यांचे पैसे ठरलेले, आणि ज्यांच्या हातात एकही दिवस नव्हता त्यांचे अनिश्चित. पुढच्या करारात आम्ही किलोचा किमान भाव लिहून मागितला. आयातदाराने मागितल्यापेक्षा कमी दिला, पण दिला. रोल झाल्यावरचा प्लगचा खर्च मी माझ्या हिश्शात घेतला.

सप्टेंबरमध्ये मामांचा फोन आला. गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची तारीख धरायची होती. लवकर छाटली तर माल युरोपच्या फटीत आधी पोहोचतो, पण नोव्हेंबरच्या पावसात सापडायची भीती. उशिरा छाटली तर गारपीट चुकते आणि गर्दीत सापडतो.

"बोट अजून त्याच रस्त्यानं जातीय का गं?"

"हो मामा, अजून वळसाच आहे."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाले, "अर्धी बाग लवकर धरतो, अर्धी मागं ठेवतो. तुझी ती वही आण येताना."